माळ्यावरचा संगणक आणि इतिहासाची साधने



वसंतातल्या या संध्याकाळी आपण इतिहास ऐकावयास म्हणून आलात, आणि आम्ही आपल्यापुढे माळ्यावरची अडगळ आणून मांडणार आहो. याबद्दल प्रारंभीच क्षमा मागतो. आमचा विषय आहे घरात पडून राहिलेले जुने संगणक. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा असेल. पिवळा पडलेला, जुन्या चादरीत गुंडाळलेला, दूरदर्शन-संचासारखे अवजड डोके असलेला. तो घरी आला तेव्हा त्याला हळदकुंकू वाहिले होते, बाहेरच्या खोलीत त्याचे स्वतंत्र मेज होते, आणि चपला काढल्यावाचून त्याच्याजवळ जाण्याची मुलांना बंदी होती. आता दर दिवाळीच्या साफसफाईत त्याच्यावरून वाद होतो. घरातले एक माणूस म्हणते, काढून टाका एकदाचा. दुसरे म्हणते, असू द्या, खायला थोडाच मागतो! पण 'असू द्या' ते कशासाठी, हे त्या दुसऱ्या माणसाला सहसा सांगता येत नाही. त्याला न सुचलेले उत्तर इतिहासात सापडते का ते पाहावे, एवढाच आजचा हेतू.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. पानिपतच्या मोहिमेची पत्रे त्यात प्रथम उजेडात आली. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. ही पत्रे कोठून आली? पेशवे दप्तर तर त्या वेळी सरकारच्या कुलुपात होते. राजवाड्यांना जे मिळाले त्यातले बहुतेक लोकांच्या घरांतून मिळाले. सरदारांचे वाडे, कारकुनांची घरे, देशपांड्या-कुलकर्ण्यांच्या ओसऱ्या, तेथले माळे, तेथल्या पेट्या, तेथले रुमाल. धन्यांना विचारावे तर कागद का ठेवले हे त्यांनाही ठाऊक नसे. कोणाला वाटे, पुढेमागे वतनाच्या तंट्यात उपयोगी पडतील. कोणाला वाटे, वाडवडिलांचे अक्षर आहे, पायदळी जाऊ नये. आणि कित्येकांनी ते केवळ आळसाने ठेवले होते. आळस हा इतिहासाचा फार मोठा मित्र आहे. उद्योगी माणसांच्या घरांतले रुमाल केव्हाच बंबात गेले.

संगणकाच्या युगाची गोष्ट थेट अशीच आहे, असे आमचे म्हणणे आहे. त्या युगाच्या आरंभाची जी साधने आज हाती आहेत, त्यांतली काही मोलाची साधने सरकारांनी वा कारखान्यांनी राखलेली नाहीत. कोणीतरी ती घरी नेली म्हणून राहिली. आणि पुष्कळदा नियम मोडून नेली.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सेनापतींचे गुप्त संदेश उलगडण्यासाठी इंग्लंडात ब्लेचली पार्क येथे 'कोलोसस' नावाची यंत्रे उभारण्यात आली. टॉमी फ्लॉवर्स हा तिकडच्या टपाल खात्यातला अभियंता त्यांचा कर्ता. पहिले यंत्र १९४४ च्या आरंभी कामाला लागले. युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रे झाली. प्रत्येकात दीड ते अडीच हजार व्हॉल्व्ह. विजेच्या व्हॉल्व्हवर चालणारी इतकी मोठी गणनयंत्रे त्यापूर्वी जगात कोणी चालविली नव्हती. युद्ध संपले आणि त्यांतली बहुतेक मोडून टाकण्यात आली. पुढे १९६० साली फ्लॉवर्सला हुकूम आला की, उरलेसुरले नकाशे व टिपणे नष्ट करा. तो हुकमाचा ताबेदार माणूस. त्याने आपल्या हातांनी आपल्याच बुद्धीचे सारे कागद भट्टीत घातले. १९७० च्या दशकापर्यंत असे यंत्र होऊन गेले याची जगाला वार्ताही नव्हती.

१९९३ साली टोनी सेल नावाच्या गृहस्थाने हे यंत्र पुन्हा उभारण्याचे मनावर घेतले. हाताशी काय होते? १९४५ साली काढलेली आठ छायाचित्रे, काही म्हाताऱ्यांच्या आठवणी, आणि मंडलांच्या आकृत्यांचे काही तुकडे. हे तुकडे भट्टीतून कसे वाचले? काही अभियंत्यांनी ते नियमाविरुद्ध आपल्यापाशी ठेवून घेतले होते. या तुकड्यांच्या आधारावर यंत्र १९९६ साली प्रथम चालले आणि २००७ साली पूर्ण झाले. आज ब्लेचली पार्क येथे ते पाहावयास मिळते. मुख्य अभियंत्याने आज्ञा पाळली आणि इतिहास जळाला. त्याच्या हाताखालच्यांनी ती पाळली नाही, म्हणून थोडाफार उरला. सरकारी गुपिते घरी न्यावीत असे आम्ही सुचवीत नाही. घडले ते सांगितले.

केंब्रिज विद्यापीठाचा 'एडसॅक' हा १९४९ च्या मे महिन्यात चालू झालेला संगणक १९५८ साली मोडीत निघाला. त्याच्या एकोणीस मूळ आकृत्या २०१४ साली एकाएकी प्रकट झाल्या. तेथल्या एका निवृत्त अभियंत्याने, फेकण्यासाठी काढून ठेवलेल्या ढिगातून त्या उचलल्या होत्या आणि पन्नासांहून अधिक वर्षे आपल्याजवळ सांभाळल्या होत्या. ज्या मंडळींनी एडसॅकची प्रतिकृती बांधावयास घेतली होती, त्यांना आपण तोवर काही ठिकाणी नुसता तर्क लढवीत होतो हे त्या दिवशी कळले.

आता पैशाचीही एक गोष्ट सांगतो, कारण ती न सांगितली तर श्रोते घरी जाताना विचारतीलच. १९७६ साली स्टीव्ह वॉझ्नियॅक या तरुणाने 'अ‍ॅपल-१' नावाचे एक पाटीवजा यंत्र रचले. नुसते मंडल, पेटी, कळफलक, पडदा ज्याचा त्याने आणावा. किंमत ६६६ डॉलर ६६ सेंट. अशी सुमारे दोनशे झाली. पुढच्याच वर्षी 'अ‍ॅपल-२' निघाला, तेव्हा खुद्द कंपनीने जुनी यंत्रे बदलून घेण्याची सवलत दिली आणि परत आलेली मोडून टाकली. म्हणजे आपल्या पहिल्या अपत्याचा नाश मातेनेच आरंभला! ज्यांनी तो सौदा नाकारला, किंवा विसरले, त्यांच्या घरी जी राहिली तीच आज उरली आहेत. त्यांतले एक २०१४ साली ९ लाख ५ हजार डॉलरांना विकले गेले. २०१५ साली कॅलिफोर्नियात एक बाई एका भंगार-केंद्रावर काही खोकी ठेवून गेल्या. पती वारले होते, गॅरेज मोकळे करावयाचे होते. पावती नको, नाव नको. काही दिवसांनी खोकी उघडली तो आत अ‍ॅपल-१! केंद्राने ते दोन लाख डॉलरांना विकले आणि निम्मी रक्कम देण्यासाठी त्या बाईंचा शोध चालविला असल्याचे जाहीर केले.

या गोष्टीने कोणी भलत्या आशेवर राहू नये. आपल्या माळ्यावर अ‍ॅपल-१ नाही. १९९८ सालचा, पेठेतल्या कोणा तंत्रज्ञाने सुटे भाग जोडून दिलेला संगणक लिलावात कोणी घेणार नाही. त्याचे मोल असेलच तर निराळ्या जातीचे आहे, आणि ते ध्यानी यावे म्हणून एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो. ती संगणकाची नव्हे, संगणकाच्या एका भावंडाची आहे.

१९६६ आणि १९६७ या दोन वर्षांत अमेरिकेने 'लूनर ऑर्बिटर' नावाची पाच याने चंद्राभोवती फिरविली. माणूस चंद्रावर उतरवावयाचा तर जागा आधी पाहून ठेवली पाहिजे. हे स्थळ पाहण्याचे काम या यानांचे. त्यांची रीत मोठी नवलाची होती. यानातच छायाचित्राची फिल्म, यानातच ती धुण्याची सोय. धुतलेल्या फिल्मवरून प्रकाशाचा बारीक किरण फिरवावयाचा आणि त्याचे चढउतार रेडिओने पृथ्वीकडे धाडावयाचे. पृथ्वीवर हे चढउतार दोन प्रकारे उतरून घेत: एक तर लगोलग फिल्मवर, आणि दुसरे रुंद चुंबकीय फितींवर. जगाने त्या काळी पाहिली ती फिल्मवरची चित्रे. करडी, पट्ट्यापट्ट्यांची. फितींवर त्याहून पुष्कळ अधिक बारकावा होता. पण कामापुरते काम झाले होते, १९६९ साली माणूस चंद्रावर उतरलाही, आणि सुमारे दीड हजार फिती गोदामात जाऊन पडल्या.

१९८६ च्या सुमारास, या फितींचे काय करावयाचे, असा प्रश्न जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या नॅन्सी एव्हान्स या बाईंच्या मेजावर आला. ग्रहविज्ञानाची जुनी माहिती जपणे हे त्यांचे कामच. फेकून देण्यास त्यांचे मन धजेना. पण नुसत्या फिती ठेवून काय उपयोग? त्या वाचणारे यंत्र, अँपेक्स कंपनीचे 'एफआर-९००', शीतकपाटाएवढे अवजड. तेही सरकारी खात्यांखेरीज कोणी घेतलेले नव्हते आणि त्या खात्यांनीही मोडीत काढलेले. एव्हान्सबाईंनी कोठूनकोठून अशी काही यंत्रे मिळविली. मग प्रश्न आला, ती ठेवावयाची कोठे? कोणतीही संस्था जागा देईना, दुरुस्तीस पैसा देईना. शेवटी बाईंनी ती आपल्या घरच्या गॅरेजात नेऊन ठेवली. तेथे ती सुमारे वीस वर्षे धूळ खात राहिली.

या वीस वर्षांचा आम्ही पुष्कळदा विचार करतो. त्या घरी कोणी पाहुणा आला असेल, त्याने विचारले असेल, हे काय हो? आणि बाईंनी काय सांगितले असेल? चंद्राची चित्रे वाचण्याचे यंत्र आहे, पण ते चालत नाही. फिती दुसरीकडे आहेत. पैसे कोणी देत नाही. पाहुणा मनात काय म्हणाला असेल हे आपल्या दिवाळीतल्या वादावरून आपण ताडू शकतो.

२००७ साली डेनिस विंगो आणि कीथ काउइंग या दोघांना हे वर्तमान कळले. ते मालमोटारी घेऊन गेले. यंत्रे आणि फिती कॅलिफोर्नियातच नासाच्या एम्स केंद्राच्या आवारात, बंद पडलेल्या एका मॅकडोनल्ड्सच्या इमारतीत येऊन पडल्या. एका यंत्राचे भाग दुसऱ्यास लावून, झिजलेले भाग नव्याने घडवून एक यंत्र चालू करण्यात आले. नोव्हेंबर २००८ मध्ये पहिले चित्र बाहेर आले. २३ ऑगस्ट १९६६ रोजी टिपलेले, चंद्राच्या क्षितिजावर उगवती पृथ्वी दाखविणारे. तेच चित्र १९६६ साली छापले गेले होते. पण दोन्ही शेजारी ठेवली तर धुक्यातून पाहणे आणि पावसाने धुतलेल्या हवेतून पाहणे एवढा फरक दिसतो. ही नुसती शोभेची गोष्ट नव्हे. २००९ साली चंद्राभोवती गेलेल्या नव्या यानाची चित्रे या चाळीस वर्षांपूर्वीच्या चित्रांशी ताडून, मधल्या काळात चंद्राच्या पृष्ठावर काय बदलले ते पाहता येते.

येथे कागदाची आणि यंत्राची वाट वेगळी होते. राजवाड्यांना रुमाल मिळाला की काम झाले. कागद आणि डोळे यांच्यामध्ये तिसरे कोणी नव्हते. फितीचे तसे नाही. फीत आणि डोळे यांच्यामध्ये एक यंत्र उभे आहे. ते गेले की फीत असून नसल्यासारखी. एव्हान्सबाईंचे थोरपण यात की, त्यांनी फितींबरोबर फिती वाचणारेही राखले.

हीच गोष्ट इंग्रजांना अधिक अपमानास्पद रीतीने शिकावी लागली. १०८६ साली विजयी विल्यमने इंग्लंडची जमीनपाहणी करविली, तिचा ग्रंथ 'डूम्सडे बुक' या नावाने प्रसिद्ध आहे. तिला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने नवे 'डूम्सडे' सिद्ध केले. सुमारे दहा लाख लोकांनी, त्यांत शाळांची मुले पुष्कळ, आपापल्या गावाची वर्णने व छायाचित्रे पाठविली. ती सारी लेसर-तबकड्यांवर घातली आणि बीबीसीच्याच नावाच्या संगणकावर वाचण्याची व्यवस्था केली. हे संगणक आपल्याकडच्या काही श्रोत्यांना आठवतील. १९८४-८५ पासून भारत सरकारच्या 'क्लास' योजनेत शाळांना जे दिले गेले ते याच कुळीचे. पुढे ती खास तबकडी-यंत्रे बंद झाली, एकेक करून बिघडली, आणि २००२ साली ओरड झाली की, नऊशे वर्षांपूर्वीचा चर्मपत्रावरचा ग्रंथ आजही वाचता येतो, पण सोळा वर्षांपूर्वीची नोंद वाचता येईनाशी होत आहे!

यातून वाट काढली ती लीड्स आणि मिशिगन या विद्यापीठांतल्या मंडळींनी. नव्या संगणकाला जुन्याचे सोंग घ्यावयास लावणारी प्रणाली त्यांनी रचली. अशा प्रणालीस एम्युलेटर म्हणतात. आपण बहुरूपी म्हणू. आज कोणी म्हणेल, बहुरूपी असता जुने यंत्र कशास पाहिजे? तर सोंग बरोबर वठले की नाही हे पाहण्यासाठी मूळ पुरुष कोठेतरी जिवंत असावा लागतो. शिवाय जुनी तबकडी किंवा फ्लॉपी एकदा तरी खऱ्या यंत्रात घालून वाचावी लागते. चित्रकार अँडी वॉरहॉल याने १९८५ साली अमिगा या संगणकावर काढलेली चित्रे त्याच्या नावाच्या पिट्सबर्गच्या संग्रहालयात फ्लॉप्यांवर पडून होती. ती २०१४ साली जगापुढे आली, ती तिथल्याच विद्यापीठातल्या एका विद्यार्थी-मंडळामुळे. जुने संगणक जमविणे हा त्या मंडळाचा छंद. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या १९८९ च्या खेळाची मूळ प्रणाली कर्त्याला, जॉर्डन मेक्नरला, कित्येक वर्षे सापडत नव्हती. २०१२ साली त्याच्या वडिलांनी न्यूयॉर्कच्या घराची आवराआवर करताना फ्लॉप्यांचे एक खोके पाहिले आणि मुलाकडे धाडून दिले. ते वाचावयास जे आले त्यांत अ‍ॅपल-२ संगणकांचा एक संग्राहक होता. जुन्या यंत्रांसह तो हजर झाला, आणि तेवीस वर्षांपूर्वीचा मजकूर अक्षर न् अक्षर उतरला. मुलाची खोकी न फेकणारा बाप, आणि जुनी यंत्रे न फेकणारा परका माणूस. दोघांतला एक नसता तरी काम फसले असते.

आता आपल्या घरी येऊ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा देशी बनावटीचा संगणक १९६० साली चालू झाला खरा, पण तो दालनभर जागा व्यापणारा. आपल्याकडे संगणक घरात शिरला तो बऱ्याच उशिरा, आणि मराठी लिहू लागला तो त्याहून उशिरा. आयआयटी कानपूर येथे आरंभ झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले 'जिस्ट' तंत्र हे या कामातले पहिले मोठे पाऊल. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण ठरले. त्याच साली जगातल्या सर्व लिप्यांना एका सूत्रात ओवणाऱ्या युनिकोडचा पहिला पाठ निघाला. पण घरोघरच्या संगणकाला युनिकोडातली देवनागरी ठाऊक होण्यास २००० साल आणि त्यापुढचा काळ उजाडावा लागला. मधल्या काळात मराठी थांबली नव्हती! पुस्तके, पत्रिका, दिवाळी अंक, लग्नाच्या निमंत्रणांपासून पतपेढीच्या अहवालांपर्यंत सारे काही संगणकावर जुळत होते. आणि ते जुळत होते निरनिराळ्या अक्षरप्रणालींत, ज्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

या प्रणालींची युक्ती साधी होती. इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा एक तुकडा बसवावयाचा. कोठे काना, कोठे अर्धा 'स', कोठे रफार. यंत्राला वाटे आपण इंग्रजी लिहितो आहो; पडद्यावर दिसे मराठी. कोणत्या अक्षराच्या पोटी कोणता तुकडा, हे प्रत्येक कारखान्याने आपापल्या सोयीने ठरविले. तो ठसा यंत्रात असेल तर मजकूर मराठी. नसेल तर रोमन अक्षरांचा निव्वळ भाजीपाला. त्यातून अनेक प्रणालींना 'डोंगल' नावाचे एक कुलूप असे. काडेपेटीएवढी डबी, संगणकाच्या मागे छपाईयंत्राच्या जागी खोचावयाची. ती नसेल तर प्रणाली उघडतच नसे. आजच्या संगणकांना ती खोचावयाची जागाच बहुधा नसते.

श्रोतेहो, हे ऐकून आपल्याला मोडीची आठवण झाली नसेल तर नवल. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली आणि एका पिढीत आजोबांचे कागद नातवाला परके झाले. कागद शाबूत, शाई शाबूत, भाषा आपलीच, वाचणारा नाही. परंतु मोडीचे जाणकार थोडे का होईना, उरले. वर्ग चालू राहिले. आजही चार महिने चिकाटीने बसलेला माणूस मोडी वाचू लागतो. १९९० ते २००५ या काळातल्या मराठीचे कुलूप मात्र माणसाच्या चिकाटीने उघडत नाही. त्याची किल्ली माळ्यावरच्या त्या पिवळ्या पेटीत आहे. तीत तो ठसा आहे, ती प्रणाली आहे आणि पाठीमागे कदाचित ती डबीही अजून खोचलेली आहे.

हे आम्ही पुस्तकांतून शिकलो नाही. आमचे चुलते शिक्षक होते. सेवानिवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या गावचा इतिहास लिहिला. वतनाच्या सनदा, १८९७ च्या प्लेगातल्या बखळी, नगरपालिकेचे जुने ठराव, नदीकाठच्या वाड्यांच्या हकीकती. पुष्कळशा गोष्टी त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून घेतल्या होत्या, आणि ती माणसे आता नाहीत. १९९७ साली त्यांनी सारा मजकूर गावातल्या एका डीटीपी करणाऱ्याकडून जुळवून घेतला आणि तपासण्यासाठी तीच प्रणाली घरच्या संगणकावरही बसवून घेतली. यंत्रावर चढले म्हणजे अमर झाले, अशी तेव्हा सर्वांची समजूत. हस्तलिखित त्यांनी स्वतः रद्दीत घातले. पैशाअभावी छपाई राहिली, ती राहिलीच. चुलते गेले. २००६ साली आम्ही, इतिहासावर व्याख्याने देणाऱ्या या गृहस्थाने, तो संगणक तीनशे रुपयांना भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढविला. आणि फार जपून, कागदात बांधून, चौदा फ्लॉप्या तेवढ्या कपाटात ठेवल्या. त्या वेळी आम्हांला वाटले, दाणे ठेवले आणि टरफले टाकली. काही वर्षांनी फ्लॉपी वाचण्याचे उपकरण आणून पाहिले, तो पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांची पानेच्या पाने! त्यात कोठेतरी आमचे गाव होते.

घरी ठेवणे हा उत्तम उपाय आहे असे मात्र कोणी समजू नये. घर हे संग्रहालय नव्हे. आपल्याकडचा पावसाळा फ्लॉपीवर बुरशी आणतो. कित्येक जुन्या संगणकांत घड्याळ चालू राहावे म्हणून निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी असे. ती फुटून तिचा क्षार शेजारच्या तांब्याच्या रेघा खातो. २००० च्या आसपासच्या यंत्रांतले कपॅसिटर फुगून ओघळतात. पडद्याच्या काचेत शिसे असते, आणि आतला विजेचा साठा यंत्र बंद केल्यावरही धक्का देण्याइतका राहू शकतो. तेव्हा हौसेने पेचकस घेऊन कोणी मुलांनी तो उघडू नये. आणि सर्वांत मोठे भय म्हणजे माणसाचे. ठेवणारा असतो तोवर वस्तू असते. कॅलिफोर्नियातल्या त्या बाईंचा दोष काय? खोक्यात काय आहे हे पतीने कधी सांगितले नसावे.

बरे, संग्रहालयाकडे द्यावे, तर तेही शाश्वत नाही. मायक्रोसॉफ्टचा एक संस्थापक पॉल अ‍ॅलन याने सिअ‍ॅटलमध्ये जुन्या संगणकांचे असे संग्रहालय काढले की, तेथली यंत्रे चालू असत आणि येणाऱ्याने ती हाताळावीत. २०१२ साली ते लोकांसाठी उघडले. २०१८ साली अ‍ॅलन वारला, २०२० साली महामारीत दारे बंद झाली ती पुन्हा उघडली नाहीत, आणि २०२४ साली त्यातल्या वस्तूंचा लिलाव सुरू झाला. मागे उभ्या असलेल्या अपार संपत्तीलाही ते चालू ठेवावेसे वाटले नाही. मग आमच्यातुमच्या माळ्याची काय कथा! मजा अशी की, लिलावात त्या वस्तू घेणाऱ्यांत पुष्कळ जण पुन्हा आपल्यासारखेच घरी ठेवणारे असणार.

तेव्हा प्रत्येक पेटी जन्मभर उराशी धरावी असे आम्ही म्हणत नाही. शिसे आणि कॅडमियम घरात साठविण्यात पुरुषार्थ नाही, आणि ई-कचऱ्याचे नियमही आता देशात आहेत. म्हणणे एवढेच की, हातगाडीवर चढविण्यापूर्वी ती एकदा चालू करून पाहावी. जाणत्या माणसाला बोलवावे, बॅटरी काढवावी, आत कोणाचे काय आहे ते बघावे, त्याच यंत्राकडून ते कागदावर छापून घ्यावे किंवा युनिकोडात उतरवून घ्यावे; आणि एक चिठ्ठी पेटीवर चिकटवावी, आत काय आहे, कोणाचे आहे, कोणत्या प्रणालीत आहे. रुमालावर आपले पूर्वज अशी चिठ्ठी बांधीत असत. त्यासाठी कोणास व्याख्यान द्यावे लागत नव्हते.

चुलत्यांच्या फ्लॉप्यांचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. ज्यांनी तो मजकूर १९९७ साली जुळविला होता, त्यांचे दुकान केव्हाच बंद झाले होते. आता तेथे त्यांचा मुलगा भ्रमणध्वनी विकतो. आम्ही संकोचानेच चौकशी केली. म्हातारबोवा म्हणाले, "यंत्र मागच्या खोलीत आहे. मुलगा रोज म्हणतो, काढा. मी म्हणतो, माझ्यामागे काढ." त्यांनी पोते बाजूला केले, धूळ झटकली, पाठीमागची डबी दाबून बसविली. दुसऱ्या वेळी बटण दाबल्यावर यंत्र सुरू झाले, आणि पडद्यावर चुलत्यांचे पहिले वाक्य मराठीत उमटले. दोन दिवस बसून चौदांपैकी अकरा फ्लॉप्या उतरल्या. तीनवर बुरशी आहे. त्या उघडल्या नाहीत. अनुक्रमणिकेवरून दिसते की, नदीकाठच्या वाड्यांचे प्रकरण त्या तिघींवर होते.